खेळण्यातल्या पिस्तुलालाही आकार देऊन गेलेला जॉन ब्राउनिंग

एअरसॉफ्टची पिस्तुलं बघायला घेतली की एक आकडा सारखा आडवा येतो, 1911. जपानी कंपनी असो की तैवानची, या नावाची प्रतिकृती तिच्याकडे हमखास असते. हा आकडा म्हणजे एक साल आहे आणि त्यामागचा माणूस आहे जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्याचा जन्म 23 जानेवारी 1855 चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावातला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे कारागीर. तीन बायका आणि बावीस मुलं असा त्यांचा गोतावळा. जॉनची शाळा जेमतेमच झाली, खरं शिक्षण झालं ते वडिलांच्या दुकानातल्या भंगारात. पहिली बंदूक त्याने पोरवयातच त्या भंगारातून जोडली. 1879 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलचं पेटंट त्याला मिळालं. भावांना सोबत घेऊन त्याने छोटा कारखाना काढला. 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीचा माणूस थेट ऑग्डेनला आला आणि 8,000 डॉलरला त्या रायफलचे हक्क घेऊन गेला.

पुढची वीसेक वर्षं हेच चाललं. विंचेस्टरने त्याच्या चाळीसहून जास्त रचना विकत घेतल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा कधी बनवल्याच नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या हाती पडू नयेत एवढ्यासाठी त्या घेऊन ठेवल्या होत्या. व्यवहार एकरकमी, विक्रीत वाटा नाही.

1889 च्या सुमारास नेमबाजीच्या मैदानावर ब्राउनिंगला एक गोष्ट दिसली. गोळी सुटली की नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूने शेजारचं गवत झोपत होतं. तिथे तो वर्षानुवर्षं येत होता, इतर नेमबाजही येत होते. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की ही ताकद फुकट जातेय. तिच्यावरच बंदूक पुढची गोळी का भरणार नाही?

इचलकरंजीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. हातमागावर धोटा विणकराने फेकायचा, यंत्रमागावर तो यंत्र फेकतं. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला तो 1904 मध्ये. साधारण त्याच काळात ब्राउनिंग बंदुकीला हेच शिकवत होता. फरक इतकाच की मागाला बाहेरून शक्ती लागते, याच्या बंदुकीला स्वतःचाच स्फोट पुरायचा.

पिस्तुलात त्याने वायूऐवजी उलट बसणारा धक्का वापरला. नळीवर सरकणारा जो भाग आज बहुतेक पिस्तुलांत दिसतो, ती स्लाइड, ती त्याच्याच कामातून रूढ झाली. ही पिस्तुलं बेल्जियममधल्या एफएन कंपनीने काढली आणि ती इतकी खपली की युरोपात ब्राउनिंग हा शब्दच पिस्तुलासाठी वापरला जाऊ लागला. 1902 मध्ये आपोआप भरणाऱ्या शॉटगनच्या विक्रीत त्याने वाटा मागितला. विंचेस्टरने नकार दिला, तर तीही तो बेल्जियमला घेऊन गेला.

महाराष्ट्रात हे नाव पोचलं ते वेगळ्याच वाटेने. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यातून आणली. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्यात फाशी झाली. पिस्तुलांचा माग सावरकरांपर्यंत गेला, आणि त्यांच्यावरच्या खटल्यात हा धागा महत्त्वाचा ठरला.

इकडे अमेरिकी लष्कराला फिलिपाइन्सच्या लढायांत .38 ची रिव्हॉल्व्हर अपुरी वाटू लागली होती. त्यांना जड, .45 ची गोळी हवी होती. मार्च 1911 च्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलाने 6,000 गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. तेच मॉडेल 1911. गोळी सुटताना त्याची नळी स्लाइडमध्ये अडकलेली असते. दोन्ही थोडं एकत्र मागे जातात, मग नळी मागच्या बाजूने खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटी मागे जात राहते. दाब ओसरेपर्यंत दार बंद ठेवायची ही युक्ती. अमेरिकी सैन्यात हे पिस्तूल 1985 पर्यंत अधिकृत होतं.

26 नोव्हेंबर 1926 ला लिएजमध्ये, मुलाच्या कार्यालयात, काम करता करताच ब्राउनिंगचं हृदय बंद पडलं. नावावर 128 पेटंट होती आणि एक पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. ते डियुडोने सेव्हने पुरं केलं आणि 1935 मध्ये हाय-पॉवर म्हणून बाजारात आलं. भारतीय सैन्याचं 9 मिमीचं 1ए पिस्तूल हे त्याचंच रूप, पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेलं.

आता प्रतिकृतींकडे. स्प्रिंगवाली सर्वांत स्वस्त, पण प्रत्येक छऱ्याला स्लाइड हाताने ओढायची, म्हणजे ब्राउनिंगने जे टाळलं तेच करायचं. बॅटरीवाल्यांत स्लाइड बहुधा हलत नाही किंवा नुसती शोभेला हलते. त्याच्या कल्पनेच्या जवळ जाते ती गॅस ब्लोबॅक. मॅगझिनमधला गॅस छरा ढकलतो आणि स्लाइडही मागे फेकतो. तरी नळी अडकवून ठेवायची गरज तिथे नसते, कारण दाबच तेवढा नसतो. जपानच्या मर्यादेत 0.2 ग्रॅमचा छरा जेमतेम 1 ज्यूलने सुटतो, खरी .45 ची गोळी पावणेपाचशेच्या आसपास.

टोकियो मारुईच्या 1911 मध्ये 26 छरे मावतात, रुंद मुठीच्या हाय-कॅपात 31. अरुंद मॅगझिनमध्ये गॅस कमी असतो, भराभर झाडलं की तो थंड पडतो आणि जोर उतरतो, म्हणून स्पर्धेत खेळणारे हाय-कॅपा घेतात. धातूची स्लाइड हाताला खरी वाटते, पण ती ढकलायला गॅसही जास्त जोराचा लागतो. हातात धरायला मूळचा बारीक 1911 च बरा. आणि त्या 1 ज्यूलचा छराही डोळा कायमचा घालवू शकतो, त्यामुळे चष्म्याशिवाय मैदानात उतरायचं नाही.