डॉ. पॉल एर्लिख

इ. स. १८५४ च्या मार्च महिन्यात सायलीशिया प्रांतातील स्ट्रेलेन ह्या लहानशा गावी एका यहुदी कुटुंबात पॉल एर्लिख ह्यांचा जन्म झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आता ते पोलंडात मोडते. आईच्या माहेरचे आप्त कार्ल वायगर्ट ह्यांच्यामुळे त्यांस रंगद्रव्यांचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. एकच रंग एका पेशीस धरतो व शेजारच्या पेशीस सोडून देतो, हे कशामुळे? ह्या प्रश्नावर त्यांनी १८७८ साली लाइप्झिग येथे आपला प्रबंध सादर केला.

१८८२ च्या २४ मार्च रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचे जंतू दाखविले. श्रोत्यांत एर्लिख होते. कॉख ह्यांची रंगविण्याची रीत किचकट होती. थोड्याच दिवसांत एर्लिख ह्यांस असे आढळले की, अ‍ॅनिलीनयुक्त रंग एकदा ह्या जंतूंत मुरला म्हणजे तीव्र आम्लानेही तो धुतला जात नाही. भोवतालचे सर्व मात्र रंगहीन होते. रोग्याच्या थुंकीत क्षयजंतू ओळखणे आता सामान्य वैद्यासही साधू लागले. पुढे स्वतः एर्लिख ह्यांच्याच थुंकीत हे जंतू सापडले! १८८८ साली हवापालटासाठी ते इजिप्त देशी गेले व सुदैवाने बरे होऊन परतले.

त्याच १८८२ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला होता. अडॉल्फ बायर ह्यांनी १८७१ साली सिद्ध केलेले फ्लुओरेसीन हे द्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश परत देते. ते सशाच्या शरीरात घालताच डोळ्याच्या पुढील पोकळीत एक तेजस्वी हिरवी रेषा उमटली, आणि तेथील द्रवाचे वाहणे जिवंत प्राण्यात डोळ्यांनी पाहता आले.

१९०८ चे नोबेल पारितोषिक व उपदंशावरील साल्व्हरसन हे औषध ह्यांमुळेच लोक त्यांस ओळखतात. आमच्या मते ह्या कीर्तीचे मूळ रंगाच्या बाटल्यांतच आहे. जो रंग जंतूस नेमका शोधतो, तो विष घेऊनही त्याच्यापर्यंत पोचेल, हाच त्यांचा तर्क होता. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते निवर्तले.

तेच फ्लुओरेसीन शिरेतून देऊन घेतलेली मनुष्याच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मधुमेहाने डोळ्यास झालेली इजा आजही ह्या रीतीने पाहतात. क्षयाच्या तपासणीत ऑरामिन हा झळकणारा रंग वापरतात. थुंकीवर रंग चढवून आम्लाने धुतात, आणि काळ्याभोर पार्श्वभूमीवर क्षयजंतू तेवढे पिवळे चमकत राहतात.