कागोशिमाच्या किनाऱ्यावर संत फ्रान्सिस झेवियर

संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव उच्चारताच आपणा भाविकांच्या डोळ्यांपुढे जुन्या गोव्यातील बॉम जेजूचे मंदिर व तेथील रुप्याची शवपेटिका उभी राहते. त्यांच्या चमत्कारांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांपैकी एक अशी की, ज्या देशी ते जात त्या देशाची भाषा त्यांस ईश्वरकृपेने आपोआप अवगत होत असे. ही कथा श्रद्धेपोटी जन्मली खरी. परंतु संतांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांवरून निराळीच हकीकत कळते, आणि प्रस्तुत लेखकास ती त्या कथेहून अधिक भक्तिजनक वाटते.

त्यांचा जन्म नवारे राज्यातील झेवियर नामक गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी झाला. पॅरिसच्या विद्यापीठात संत इग्नेशियस यांची गाठ पडली व त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, देवमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणी, मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी जी व्रते घेतली, त्यांतच पुढील येशूसंघाचे बीज होते. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास पोहोचले. दक्षिणेतील मोती काढणाऱ्या कोळ्यांत व मोलुक्का बेटांत त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. १५४८ साली गव्हर्नर जुवांव दे कास्त्रो यांच्या भेटीसाठी ते आपल्या वसईसही येऊन गेले.

त्यापूर्वी, १५४७ च्या डिसेंबरात, मलाक्का येथे अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ त्यांस भेटला. स्वदेशी हातून मनुष्यवध घडल्यामुळे तो पळाला होता; राजदंड चुकला तरी मनाची टोचणी चुकेना. झेवियर यांनी त्यास गोव्यास पाठविले. तेथे १५४८ च्या पेंटेकॉस्ट सणी बिशप आल्बुकेर्क यांच्या हस्ते त्याचा व त्याच्या दोघा सोबत्यांचा स्नानसंस्कार झाला, आणि अंजिरोचे नाव पावलू ठेवण्यात आले. त्याच्या तोंडून जपानचे वर्णन ऐकून संतांचे मन त्या देशाकडे ओढले गेले.

एप्रिल १५४९ मध्ये त्यांनी गोवा सोडला. समागमे फादर कोस्मे द तोरेस, ब्रदर जुआन फर्नांडिस, पावलू व त्याचे दोघे देशबांधव, आणि मानुएल नावाचा चिनी व आमादोर नावाचा मलबारी असे दोघे सेवक होते. मलाक्काहून त्यांस मिळाले ते एका चिनी नाखव्याचे गलबत. ह्या नाखव्यास लोक ‘चोर’ म्हणूनच ओळखीत! गलबतावर मूर्ती होती, व तिजपुढे कौल लावल्यावाचून खलाशी पाऊल उचलीत नसत. वाटेत मानुएल गलबताच्या तळात पडून जबर जखमी झाला, आणि त्याच दिवशी नाखव्याची मुलगी समुद्रात पडून बुडाली. कौल लावता उत्तर निघाले की, मानुएल मेला असता तर मुलगी वाचली असती. शोकाकुल बाप व संतप्त खलाशी यांच्यामध्ये ती रात्र ह्या प्रवाशांनी कशी काढिली असेल, याची कल्पनाच करावी. नाखव्याच्या मनात चीनच्या बंदरी हिवाळा काढावयाचे होते. परंतु चाच्यांची वार्ता आली, परतीचा वारा मिळेना, आणि तारू जपानकडे निघाले.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमास उतरले. मोंमार्त्रच्या व्रतांस त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे होत होती.

पावलूच्या घरी त्यांचे प्रेमाने स्वागत झाले. परागंदा झालेला मनुष्य हिंदुस्थान पाहून आला, ह्याचेच गावास कौतुक! सात्सुमा प्रांताचा अधिपती शिमाझु ताकाहिसा याने त्यास बोलावून घेतले. पावलूने देवमाता व बाळ येशू यांचे चित्र पुढे ठेविले, तेव्हा ताकाहिसाने गुडघे टेकून त्यास वंदन केले. त्याच्या मातेने चित्राची प्रत मागितली. परंतु ती काढण्याचे साहित्य त्या गावी नव्हते. २९ सप्टेंबर रोजी, देवदूत मिखाएलच्या सणी, ताकाहिसाने झेवियर यांची भेट घेतली, व लवकरच प्रजाजनांस ख्रिस्ती होण्याची मोकळीक दिली.

मोकळीक मिळाली, पण बोलावे कोणत्या तोंडाने? लोक भोवती जमत, त्यांजविषयी आपसांत बोलत, आणि हे पुतळ्यासारखे मुके उभे राहत. पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकविलेला हा त्रेचाळीस वर्षांचा पंडित तान्ह्या लेकराप्रमाणे अक्षरे गिरवू लागला. चाळीस दिवसांत दहा आज्ञा सांगण्यापुरती भाषा आली. पुढे पावलूच्या साहाय्याने धर्मतत्त्वांचे विवरण तयार करून ते रोमन लिपीत उतरविले, आणि संत ते फुकुशोजी मठाच्या पायऱ्यांवर बसून दिवसातून दोनदा वाचीत. उच्चार ऐकून कित्येक हसत. मठाचे वयोवृद्ध अधिपती निन्शित्सु यांच्याशी मात्र त्यांचा स्नेह जडला. आत्मा अमर की देहासह नष्ट होणारा, ह्याविषयी त्या वृद्धाच्या मनाचा निश्चय होत नसे; संतांस त्यांची फार कळकळ वाटे.

परक्या जिभेवर विसंबण्याचा धोका पुढे कळला. पावलू धर्मग्रंथांत व्युत्पन्न नव्हता. परमेश्वर ह्या शब्दासाठी त्याने ‘दाईनिची’ हा शब्द योजिला होता. दाईनिची म्हणजे तिकडील एका बौद्ध पंथाचा महावैरोचन बुद्ध. १५५१ साली यामागुची येथे ही चूक ध्यानी येताच संतांनी फर्नांडिस यांस रस्तोरस्ती पाठवून, दाईनिचीची पूजा करू नका, असे सांगावयास लाविले, व लॅटिन ‘देउस’ हाच शब्द चालू केला. ज्या शब्दाने स्वतः उपदेश केला तोच चारचौघांत मागे घ्यावयाचा! ह्यास लागणारे धैर्य सामान्य नव्हे.

कागोशिमात सुमारे शंभर जणांचा स्नानसंस्कार झाला. त्यांत पावलूची आई, पत्नी व मुलगी होती. भिक्षूंचा विरोध वाढला, ताकाहिसाने मनाई केली, आणि १५५० साली संत हिरादोकडे निघाले. १५५१ च्या अखेरीस त्यांनी जपान सोडले, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारात, सांचियान बेटावर, त्यांचा अंत झाला.

जपानातील कार्य मात्र थांबले नाही. फादर तोरेस १५७० साली मरण पावेपर्यंत तेथेच राबले. त्यानंतर आपल्या वसईचा एक मुलगा येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानात गेला, आणि तेथील भाषा उत्तम शिकला. हेच आपले संत गोन्सालो गार्सिया. १५९३ साली फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून ते मनिलाहून पुन्हा त्या देशी उतरले व फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासह हिदेयोशीपुढे उभे राहिले, तेव्हा त्या वकिलातीची सारी भिस्त दुभाषी म्हणून त्यांच्याच जिभेवर होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रुसावर चढले.