रुस्तुम-ए-हिंद गामा आणि त्याचा धाकटा भाऊ

मारुतीच्या देवळाला लागून तालीम असावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जीर्णोद्धार समितीने देवळाच्या कामाबरोबरच तालमीच्या हौद्यात नवी तांबडी माती टाकायचे ठरविले, हे फार योग्य झाले. स्मरणिकेत देवस्थानची माहिती आणि देणगीदारांची यादी येणारच. तालमीविषयीही चार शब्द असावेत, अशी काही जुन्या मंडळींची इच्छा होती, म्हणून हा प्रपंच.

गामा पैलवानाचे नाव ठाऊक नाही असा माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. दांडगाई करणाऱ्या पोराला म्हातारी माणसे अजून गामा म्हणूनच हिणवतात. पण या गामाला इमामबक्ष नावाचा एक धाकटा भाऊ होता, तोही हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा मल्ल होता, आणि त्याला गामाने सतत आपल्याबरोबर ठेवले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ती मला मुद्दाम सांगायची आहे. तालमीत आज जी दहा-बारा पोरे येतात, त्यातली निम्मी थोरल्या भावाचे बोट धरून आलेली आहेत, हे कोणीही संध्याकाळी जाऊन पाहावे.

गामाचे खरे नाव गुलाम मुहम्मद. जन्म 1878 च्या सुमाराचा, पंजाबातील अमृतसर भागातल्या काश्मिरी मुसलमान मल्लांच्या घराण्यात. वडील अझीझबक्ष हे स्वतः नामांकित पैलवान होते. मध्य हिंदुस्थानातील दतिया संस्थानाशी या घराण्याचा संबंध होता. गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील वारले. इमामबक्ष तर त्याहूनही लहान. वडिलांच्या मांडीवर बसून कुस्ती पाहावी, इतकेही त्याच्या नशिबी आले नाही. आधी आजोबा नून पैलवान यांनी आणि ते गेल्यावर मामा इदा पैलवान यांनी पोरांना सांभाळले. बापाचा धंदा पोरांनी सोडू नये, ही त्या घराची जिद्द होती.

1888 साली जोधपूरच्या महाराजांनी देशभरचे मल्ल बोलावून बैठकांची शर्यत लावली. चारशेच्या वर पैलवान उतरले होते. दहा वर्षांचा गामाही त्यात शिरला. तासांमागून तास गेले, एकेक जण बाजूला झाला, आणि शेवटी जे पंधराएक उरले त्यात हे पोर होते. महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच बक्षीस दिले. त्यानंतर कित्येक दिवस तो अंथरुणाला खिळून होता म्हणतात. हे मी आजच्या पालकांना अनुकरणासाठी सांगत नाही. दहा वर्षांच्या पोराकडून एवढी मेहनत कोणत्याही वस्तादाने करून घेऊ नये. परंतु या शर्यतीमुळे दतियाच्या महाराजांचा आश्रय पक्का झाला, आणि खुराकाची चिंता मिटली.

खुराकाचा प्रश्न लहान नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई हे सगळे पैशाने येते, आणि एका घरात दोन पैलवान म्हणजे दोन पैलवानांचा खर्च. बहुतेक घरांत अशा वेळी थोरल्याचे नाव झाले की धाकट्याला दुसऱ्या कामाला जुंपतात. तो भावाचे अंग रगडतो, लंगोट धुतो, बादल्या वाहतो, आणि त्यातच त्याचे वय निघून जाते. इमामबक्षाचे असे झाले नाही. तो गामाच्या जोडीला हौद्यात उतरला. गामाच्या मेहनतीचे आकडे सर्वत्र सांगितले जातात: रोज तीन हजार जोर, पाच हजार बैठका, आणि चाळीस मल्लांशी लढत. बडोद्याला एक मोठा दगड आहे, तो 1902 साली गामाने उचलला असे त्यावर कोरले आहे, आणि त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. आमच्या कचेरीत असा आकडा आला असता तर फेरतपासणीसाठी परत गेला असता. तथापि आकड्यातले निम्मे सोडून दिले तरी उरते ते थोडे नाही, आणि त्या मेहनतीचे रोजचे वळण धाकट्यालाही लागले, हे महत्त्वाचे. इमामबक्ष अंगाने भावापेक्षा उंच निघाला. गामा साडेपाच फुटांहून थोडाच अधिक होता.

या बुटक्या गामाची पहिली मोठी झुंज गुजराणवाल्याच्या रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी झाली. रहीमबक्ष जवळजवळ सात फूट उंच आणि त्या काळचा अव्वल मल्ल. गामा तेव्हा विशीच्याही आत होता. ती कुस्ती बरोबरीत सुटली, आणि त्या दिवसापासून गामाचे नाव सर्व हिंदुस्थानात झाले. पुढे इतर सर्व नामांकित मल्लांना त्याने चीत केले. रहीमबक्ष तेवढा राहिला.

1910 साली बंगालमधील धनिक शरत्कुमार मित्र यांच्या खर्चाने हिंदी मल्लांचे पथक लंडनला गेले. त्यात गामाबरोबर इमामबक्षही होता. विलायतेचे तिकीट तेव्हा काय सोपे होते! गामाने ठरविले असते तर एखादा मोठ्या नावाचा मल्ल घेऊन गेला असता, कोणी नाव ठेवले नसते. इमामबक्ष गेला तो चाकरीला नव्हे, लढायला गेला.

तिथे पोहोचल्यावर गामाची उंची पाहून त्याला मोठ्या स्पर्धेत घेण्यास साहेब लोक राजी होईनात. तेव्हा गामाने जाहीर आव्हान दिले, की कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना तो अर्ध्या तासात पाडून दाखवील. सुरुवातीला लोकांना ती थापच वाटली. मग 10 ऑगस्ट रोजी अमेरिकन मल्ल डॉ. बेंजामिन रोलर याला गामाने दोनदा पाडले, त्यात पहिल्या वेळी तर दोन मिनिटेही लागली नाहीत.

पुढची गोष्ट बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, ती मी थोडी सावकाश सांगतो. गामाची सर्वांत मोठी कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी 10 सप्टेंबरला ठरलेली होती. त्याच्या आधी पाच दिवस, 5 सप्टेंबर 1910 रोजी, लंडनच्या अलहंब्रा नाट्यगृहात इमामबक्षाची कुस्ती स्वित्झर्लंडच्या जॉन लेम याच्याशी लावण्यात आली. लेम हा युरोपात गाजलेला, अंगाने दणकट, स्पर्धा जिंकलेला मल्ल. त्याच्याविरुद्ध कोण, तर गामाचा भाऊ, एवढीच इमामबक्षाची तिथे ओळख. गादीवरची कुस्ती, समोर परके लोक, पायाखाली आपली माती नाही. इमामबक्षाने लेमला काही मिनिटांतच दोन्ही वेळा चीत केले. थोरल्याची मुख्य लढत व्हायची असताना धाकट्याला असे मोकळे मैदान मिळाले. माझ्या मते गामाच्या चरित्रात झिबिस्कोच्या कुस्तीइतकीच ही कुस्ती महत्त्वाची आहे.

झिबिस्कोची लढत मात्र पाहणाऱ्यांना कंटाळवाणी झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले, आणि तो गादीला जो चिकटला तो उठेचना. अडीच तासांहून अधिक वेळ हा प्रकार चालला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही, कुस्ती बरोबरीत सोडली. 17 सप्टेंबरला पुन्हा लढायचे ठरले, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला.

परत आल्यावर अलाहाबादला गामा आणि रहीमबक्ष यांची शेवटची गाठ पडली. बऱ्याच वेळाच्या झुंजीनंतर गामा विजयी ठरला आणि रुस्तुम-ए-हिंद झाला.

आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. राजर्षी शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोम शहरातले जुने गोल क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि तसे मैदान आपल्या मल्लांसाठी असावे असे त्यांच्या मनाने घेतले. 1907 ते 1912 या काळात खासबाग मैदान तयार झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली मातीची बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव स्वच्छ दिसतो. ज्यांनी तिथे कुस्ती पाहिली त्यांना मी काय सांगणार. या मैदानाच्या उद्घाटनाची मुख्य कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात, आणि तीत इमामबक्ष विजयी झाला. आपल्या मुलखातल्या सर्वांत नामवंत मैदानाच्या पहिल्या दिवशी गाजलेले नाव गामाचे नसून त्याच्या धाकट्या भावाचे आहे.

पुढे गामा पतियाळाच्या महाराजांच्या पदरी राहिला. त्याच्याशी लढायला कोणी पुढे येईना. मैदाने आता इमामबक्ष गाजवू लागला. मुक्या-बहिऱ्या गुंगा पैलवानाशी झालेल्या त्याच्या झुंजी पंजाबात वर्षानुवर्षे बोलल्या गेल्या. 1928 च्या जानेवारीत झिबिस्को अठरा वर्षांचा हिशेब चुकवायला पतियाळाला आला. या वेळी आखाडा मातीचा होता. गामा पन्नाशीला टेकलेला. एका मिनिटाच्या आत झिबिस्को चीत झाला. त्यानंतर रुस्तुम-ए-हिंद हा किताब इमामबक्षाकडे गेला.

किताब दुसऱ्याकडे जाताना पाहणे कोणत्याही मल्लाला जड जाते. गावच्या जत्रेतली गदा असली तरी जड जाते. मी तालुका कचेरीत वाटणीची प्रकरणे रोज पाहतो. दोन गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. या दोघांत असा वाद झाल्याचे कुठेही वाचायला मिळत नाही.

जाता जाता आणखी एक. माझ्यासमोर पोलीस भरतीसाठी दाखले काढायला दरवर्षी पोरे येतात. छाती भरत नाही, धावताना दम लागतो, आणि मग सहा महिन्यांत शरीर कमवायची घाई होते. हे काम दहा-बारा वर्षांच्या वयात सुरू करायचे असते, आणि त्या वयात पोरगा वस्तादापेक्षा थोरल्या भावाचे अधिक ऐकतो. पहिले वर्षभर त्याला नुसते मातीत लोळू द्यावे. चार लोकांत हरवून त्याची चेष्टा करू नये, आणि जत्रेच्या फडात जोड लावायची घाई करू नये. आपल्या तालमीत धाकट्या बहिणींनाही आणावे. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविल्यावर याबाबत शंका राहू नये. समितीने मुलींसाठी सकाळची वेगळी वेळ ठेवली आहे.

फाळणीनंतर दोघे भाऊ लाहोरला राहिले. 1947 च्या दंगलीत गामाने आपल्या वस्तीतल्या हिंदू शेजाऱ्यांना संरक्षण दिले, असे सांगतात. अखेरची वर्षे हलाखीची आणि आजारपणाची गेली. त्याचे मुलगे लहान वयातच वारले होते. 23 मे 1960 रोजी गामा लाहोरला वारला.

घराण्यात कुस्ती चालू राहिली ती इमामबक्षाच्या मुलांकडून. थोरला मंजूर हुसेन ऊर्फ भोलू 1949 साली पाकिस्तानचा अव्वल मल्ल ठरला. त्याचे भाऊ अस्लम, अक्रम, आझम, गोगा हे सगळेच पैलवान. अक्रम 1976 साली कराचीत जपानच्या अँतोनियो इनोकीकडून हरला. भावांना ते फार लागले. इमामबक्ष 1977 साली गेला, त्यामुळे पुढचे त्याने पाहिले नाही. अस्लमचा मुलगा झारा चुलत्याच्या पराभवानंतर तयारीला लागला, आणि जून 1979 मध्ये लाहोरला त्याच इनोकीसमोर उभा राहिला. तेव्हा झाराला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पाच फेऱ्यांनंतर इनोकीने स्वतः पुढे होऊन त्या पोराचा हात वर केला.