हुकुमतपनाह रामचंद्रपंत अमात्य : समुद्राचे मोल जाणणारा मुत्सद्दी

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या धारेवर विशाळगड उभा आहे. गडाच्या एका अंगाला देश, तर दुसऱ्या अंगाला कोकण. उत्तरेकडील आंबा घाटाने रत्नागिरीकडे, तर दक्षिणेकडील अणुस्कुरा घाटाने राजापूरच्या बंदराकडे उतरता येते. जहाजातून उतरलेला माल याच वाटांनी देशावर चढे आणि बंदरावरच्या बातम्याही याच वाटांनी वर येत. मराठी राज्याच्या अत्यंत कठीण काळात या गडावरून कारभार हाकणारे रामचंद्र नीलकंठ बावडेकर, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य, इतिहासाला हुकुमतपनाह या नावाने परिचित आहेत. डोंगरी मुलखात आयुष्य घालवलेल्या या मुत्सद्द्याने समुद्र, आरमार आणि परकीय सत्ता यांविषयी जो विचार मांडला, त्याची किंमत मराठी राज्याला पुढे फार उशिरा कळली.

रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या विश्वासातील कारभारी. वडिलांच्या पश्चात १६७२ च्या सुमारास त्यांच्याकडील जबाबदारी रामचंद्रपंतांवर आली आणि १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी अष्टप्रधानांत अमात्य म्हणून त्यांची गणना झाली. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या पदामुळे बंदरांची जकात, वखारींचे व्यवहार आणि आरमाराचा खर्च या साऱ्या गोष्टी त्यांच्या नजरेखालून जात होत्या.

परकीयांची मैत्री किती भरवशाची असते, याचा धडा मराठी राज्याला याच परिसरात मिळाला होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडावर पोहोचले. पुढच्याच वर्षी राजापूरवर स्वारी करून त्यांनी वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैदेत टाकले. व्यापारी म्हणून आलेली मंडळी प्रसंग पडताच एका बाजूचे सैनिक होतात, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

१६७९ मधील खांदेरीचे प्रकरण याहूनही मोठे. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या ओसाड बेटावर महाराजांनी किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. बेट आपल्या हद्दीत येते, असा दावा करीत इंग्रजांनी जहाजे धाडली. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचे पाठबळ घेऊन त्यांच्या जोडीला उभा राहिला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी लहान, चपळ गलबतांच्या साह्याने बेटावरील लोकांना रसद पुरवली आणि काम थांबू दिले नाही. अखेर इंग्रजांनी तह केला. मात्र १६८० च्या प्रारंभी सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि समुद्रातील दोन खडकांवर दोन वैरी समोरासमोर ठाकले. समुद्रावर रेघ ओढता येत नाही. ज्याची जहाजे तेथे टिकतील त्याचीच हद्द ठरते, हा या प्रकरणाचा बोध होता.

संभाजी महाराजांच्या काळात हाच संघर्ष जंजिरा आणि गोवा या दोन्ही आघाड्यांवर चालू राहिला आणि दोन्ही वेळा मोगली फौजांच्या दबावामुळे हाती आलेला डाव अर्धवट सोडावा लागला. १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. जाताना महाराजांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांकडे सोपवला आणि त्यांना हुकुमतपनाह हा किताब दिला. राजाच्या अनुपस्थितीत राजाच्या अधिकाराने निर्णय घेण्याची ही जबाबदारी होती.

पंतांनी या कारभारासाठी विशाळगडाचा आश्रय घेतला. खजिना रिकामा, निम्मे गड शत्रूच्या हाती आणि वतनाच्या लोभाने मोगलांना मिळणारे सरदार, अशी तेव्हाची अवस्था होती. पंतांनी संताजी घोरपडे, धनाजी जाधव, परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण अशा माणसांना हाताशी धरून प्रतिकार उभा केला. गेलेले किल्ले एकेक करून परत येऊ लागले. किनाऱ्यावर सिधोजी गुजर आणि त्यांच्यानंतर कान्होजी आंग्रे यांनी जलदुर्ग राखले. पुढे औरंगजेबाने १७०२ मध्ये खुद्द विशाळगडाला वेढा घातला. परशुराम त्रिंबकांनी अनेक महिने गड लढवला आणि पावसाळ्याच्या तोंडावर रक्कम घेऊन तो खाली केला. परतीच्या वाटेवर पावसाने आणि पुरांनी मोगली सैन्याची दाणादाण उडवली.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राज्यात दुही माजली. रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षाला राहिले. कान्होजी आंग्रेही प्रथम याच पक्षात होते. परंतु १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवले. कोल्हापूरच्या पक्षाचे समुद्रावरील सर्वांत मोठे बळ या एका तहाने गेले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर घडून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या घडामोडींत पंतांचा हात होता. ताराबाईंना त्यामुळे कैद पत्करावी लागली आणि पंतांच्या चरित्रातील हा भाग आजही वादाचा ठरतो.

याच तरुण राजाच्या नावे १७१५ मध्ये आज्ञापत्र सिद्ध झाले. त्याचे कर्तृत्व रामचंद्रपंतांकडे जाते. या राजनीतीपर ग्रंथात दुर्ग, वतनदार, सावकार यांच्याबरोबर टोपीकर आणि आरमार यांचा स्वतंत्र विचार आहे. इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरासीस हे वरकरणी सावकार असले, तरी प्रत्येकाच्या पाठीमागे एक राज्य उभे आहे, हे पंतांनी ओळखले होते. त्यांना समुद्रतीरी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. द्यावीच लागली, तर किनाऱ्यापासून दूर, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. आरमाराला त्यांनी राज्याचे स्वतंत्र अंग मानले. गुराबा आणि गलबते बेताच्या आकाराची असावीत, आरमाराचा खर्च ठरलेल्या नेमणुकीतून व्हावा, व्यापाऱ्यांच्या तारवांना त्रास न देता त्यांचे रक्षण करावे, आणि जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या झाडांना हात लावू नये, इतक्या बारकाईने त्यांनी नियम घालून दिले. हा ग्रंथ सिद्ध झाल्यावर थोड्याच काळात, १७१६ मध्ये पंतांचे निधन झाले. पन्हाळ्यावर त्यांची समाधी आहे.

पंतांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांत नेमके उलटे घडले. तुळाजी आंग्रे यांना नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढवला, तेव्हा बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. किल्ला इंग्रजांकडून परत मिळवण्यासही पेशव्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले आणि बदल्यात बाणकोट द्यावे लागले. घरचा वैरी नमला, पण किनाऱ्याचा पहारेकरीही गेला. कोल्हापूरच्या वाट्यालाही तेच आले. १७६५ मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला. तो काही काळाने परत मिळाला, तरी १८१२ च्या तहाने तो कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांनी उभारलेला हा जलदुर्ग कोल्हापूरच्या हातून सुटला.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदीही पाडली आणि गडाच्या जहागिरीचा कारभार मलकापुरात आला. ज्यांना समुद्रकाठी पक्के घर बांधू देऊ नये, असे पंतांनी बजावले होते, त्यांनीच सव्वाशे वर्षांनी त्यांच्या गडाचे तट उतरवले.