रमाईंच्या नावाने संशोधनाचा पुरस्कार का नसावा?

७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन. या दोन दिवशी भायखळ्यापासून दादरपर्यंत आमच्या वस्त्यावस्त्यांतून रमाईंच्या नावाचे पुरस्कार दिले जातात. कुणी आदर्श माता ठरते, कुणी आदर्श पत्नी. शाल, सन्मानचिन्ह, फोटो, टाळ्या. या पुरस्कारांना आमचा विरोध नाही. ज्या बाईला आयुष्यात कुणी खुर्ची दिली नाही तिला त्या दिवशी मंचावर बसायला मिळते, हे लहान नव्हे. पण त्याच मंचावरून आणखी एक पुरस्कार दिला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो असावा स्त्रियांच्या श्रमाचा आणि विकासाचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधक मुलीला, आणि त्याला नाव असावे रमाईंचेच.

ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचा संशोधनाशी काय संबंध, असे काही विद्वान विचारतील. त्यांच्यासाठी रमाईंचे चरित्र या एका बाजूने पुन्हा सांगणे भाग आहे.

दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी आधी गेली, मग वडीलही गेले. पोरकी भावंडे काका-मामांच्या आधाराने मुंबईत भायखळ्याला आली. तिथल्याच बाजारात, दिवसाची विक्री संपल्यावर, १९०६ च्या सुमारास रमाईंचे लग्न झाले. नवरी नऊ-दहा वर्षांची, नवरदेव पंधराच्या आतबाहेर. १९१२ च्या डिसेंबरात यशवंतरावांचा जन्म झाला, १९१३ च्या फेब्रुवारीत सासरे रामजीबाबा वारले आणि जुलैत बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. घरातला कमावता आधार गेला आणि शिकलेला माणूस समुद्रापार. त्या वेळी रमाई पंधरा वर्षांच्या होत्या.

आता वाचकांनी एक तारीख ध्यानात घ्यावी. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते बंधन सांभाळण्यासाठी बाईला सती घालवतात, सक्तीने विधवा ठेवतात किंवा अजाण वयात तिचे लग्न लावतात, अशी मांडणी त्यांनी केली. जातीचे कुलूप बाईच्या देहाला लावलेले आहे, हे इतक्या नेमकेपणाने तोवर कुणी दाखवले होते? पुण्याच्या विदुषी शर्मिला रेगे यांनी २०१३ साली बाबासाहेबांचे ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखन ग्रंथरूपाने एकत्र मांडले, तेव्हा स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रालाही हे नव्याने वाचावे लागले. पण आम्हाला दिसते ते वेगळेच. बालविवाहाचे शास्त्र उलगडणाऱ्या या संशोधकाचा स्वतःचा विवाह बालविवाह होता. ज्या मुलीशी तो झाला ती त्या मे महिन्यात परळला संसार रेटत होती, वय अठरा, कडेवर साडेतीन वर्षांचे मूल.

परळच्या पोयबावडीतली बी.आय.टी. चाळ गिरणी कामगारांची. तिथल्या दोन खोल्यांत या कुटुंबाने सुमारे बावीस वर्षे काढली. बाबासाहेब १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतले, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पण पगारातला पैसा राखला तो पुन्हा लंडनला जाण्यासाठी. राजर्षी शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि घरातली काटकसर, या तिन्हींच्या बळावर १९२० च्या जुलैत ते निघाले आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले. पहिली चार वर्षे आणि ही पावणेतीन, म्हणजे जवळजवळ सात वर्षे रमाईंनी घर एकटीने ओढले. घरात जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही होते. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, पण परदेशी असलेल्या पतीच्या अभ्यासात खंड पडू दिला नाही, ही आठवण चळवळीत आजी नातीला सांगत आली आहे. शाहू महाराज आणि भथेना यांची मदत चरित्रकारांनी आकड्यांसह नोंदवली. काटकसरीचा हिशेब कुणी लिहून ठेवला?

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे या माउलीने गमावली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पुढे दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बोलले, आणि १९२९ साली तसा कायदा झाला. या दोन जुलैंचा संबंध आम्ही जोडत नाही. पण त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे वाटते खरे.

रमाई केवळ चुलीपाशी होत्या, हा समजही बरोबर नाही. १९२८ च्या जानेवारीत मुंबईत स्त्रियांचे एक मंडळ स्थापन झाले, त्याच्या अध्यक्षा रमाई होत्या. चळवळीतल्या बायांच्या अशा कामाचा शोध घेतला तो ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. गावोगावी, वस्तीवस्तीत जाऊन म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना त्यांनी बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. ते काम घरदार सांभाळूनच झाले. आम्ही म्हणतो त्या पुरस्काराच्या खऱ्या पहिल्या मानकरी याच.

राजगृह बांधून झाले, कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीत राहायला गेले. ग्रंथांना जागा मिळाली, पण रमाईंना ते घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपले संशोधन कुणाच्या जिवावर उभे आहे, हे त्या संशोधकाला पक्के ठाऊक होते.

जगात स्त्री आणि विकास या विषयाचा अभ्यास एस्टर बोसरप यांच्या १९७० च्या ग्रंथानंतर जोमाने वाढला. त्याच्या मुळाशी साधा प्रश्न आहे, बाईचे घरातले काम मोजायचे की नाही? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणारी स्त्री दिवसाला २८९ मिनिटे बिनमोल राबते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. पीएच.डी. करणारी आमची मुलगीही या २८९ मिनिटांतून सुटलेली नाही. भीमरावांच्या मागे रमाई होत्या. या मुलीच्या मागे कोण आहे? ती स्वतःच भीमराव आणि स्वतःच रमाई. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ साली आमची मुले-मुली आझाद मैदानात ठाण मांडून बसली होती. त्यातल्या कितीजणी संध्याकाळी घरी जाऊन भाकऱ्या थापत होत्या, हे कुठल्या निवेदनात आले नाही.

म्हणून आम्ही सुचवतो तो पुरस्कार शाल-सन्मानचिन्हाचा नको. रोख रकमेचा हवा, आणि रक्कम एवढी हवी की प्रबंध लिहून होईपर्यंत सहा महिने तिच्या घरचा स्वयंपाक पगार देऊन दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल. जी बाई तो करील तिचा पगारही नीट असावा, नाहीतर तीच गोष्ट पुन्हा. अर्जात विषय, विद्यापीठ आणि मार्गदर्शकाच्या नावाखाली एक रकाना जादा असावा: घरात रोज स्वयंपाक कोण करते? समारंभ मोठ्या सभागृहात नको, बी.आय.टी. चाळीच्या आवारात घ्यावा. भाडे वाचेल, ते पुरस्काराच्या रकमेत घालता येईल. वर्गणीची पावती आम्ही पहिली फाडायला तयार आहोत.