मूठभर धान्याचे बोर्डिंग

ईद जवळ आली की घरोघर फितऱ्याचा हिशेब सुरू होतो. घरात माणसे किती, पाळण्यातले बाळ धरून किती, माणशी गहू किती आणि यंदा त्याचा भाव काय. रक्कम लहान असते, पण ती चुकवलेली सहसा कोणाला आवडत नाही. काही वर्षांपूर्वी वर्गात बोलता बोलता हा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने सांगितले की त्याच्या पणजीच्या घरी असेच एक मडके असायचे. जात्यावर बसण्याआधी त्यात एक मूठ जोंधळा पडायचा. ती मूठ बोर्डिंगच्या पोरांची. मुलगा कराडकडचा. त्याला मुष्टिफंड हा शब्द माहीत नव्हता, मडके तेवढे माहीत होते.

त्या मडक्याच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस उभा होता, तो आपल्याच जिल्ह्यातला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावी झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक, घराणे जैन पाटलांचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला. म्हणजे भाऊराव काही गरिबीत जन्मले नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आयुष्यभर जी काटकसर त्यांनी केली ती निवडलेली होती. उर्दूत कनाअत असा एक शब्द आहे. मराठीत त्याला समाधान म्हणतात, पण ते पुरेसे नाही. थोडक्यात भागवणे आणि त्यात मन रमवणे, हातात जास्त येण्याची सोय असूनही न घेणे, असे सगळे त्या एका शब्दात येते. भाऊरावांचे चरित्र वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले. राजाराम हायस्कूलमध्ये शिकायचे आणि जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. कोल्हापूर त्या काळात बोर्डिंगांचे गाव होऊ लागले होते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकातले आपले मुस्लिम बोर्डिंग 1906 सालचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल 1908 मध्ये निघाले. त्या होस्टेलच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. नियम मोडला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मग शाहू महाराजांनीच त्यांना आसरा दिला. शिक्षण मात्र पुढे गेले नाही. इंग्रजी सहावीत गाडी अडली ती कायमची. ज्या माणसाने पुढे कॉलेजे काढली, तो स्वतः मॅट्रिक नव्हता.

एका बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले आणि एका राजाने आत घेतले. या दोन्ही गोष्टींतून त्यांच्या पुढच्या कामाचा आराखडा तयार झाला, असे मला वाटते. शाहू महाराजांनी प्रत्येक जातीला वेगळे बोर्डिंग दिले, कारण त्या वेळी तेच शक्य होते. भाऊरावांनी पुढे सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणले, एका पंगतीत बसवले.

मधली काही वर्षे पोटापाण्याच्या धडपडीत गेली. मुंबईला जाऊन जवाहिऱ्याचा धंदा शिकून पाहिला, तो मानवला नाही. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. त्या चांगल्या चालल्या. 1910 च्या सुमारास दूधगावात मित्रांबरोबर विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. आणि 1914 मध्ये कोल्हापूरचे ते डांबर प्रकरण आले. पुतळ्याला डांबर फासल्याच्या त्या खटल्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी साक्ष दिली नाही. परिणामी त्यांनाच तुरुंगात जावे लागले, छळ सोसावा लागला. हे सगळे शाहू महाराजांच्या संस्थानात घडले. वय होते सत्तावीस. पदरी तरुण बायको.

दहा वर्षांनी साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढले, तेव्हा त्याला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग. मनात अढी धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी ती धरली नाही. महाराजांचे ऋण कोणते आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचा अन्याय कोणता, हा हिशेब त्यांनी वेगवेगळ्या वहीत ठेवला.

तुरुंगातून सुटल्यावर ते ओगले काच कारखान्याचे कंदील विकत फिरले, मग किर्लोस्करांचे नांगर. लोखंडी नांगराने जमीन विटाळते, असे मानणारे शेतकरी त्या काळात होते. त्यांच्या बांधावर जाऊन, कधी नांगर चालवून दाखवून माल खपवायचा. या फिरतीने दोन गोष्टी झाल्या. पैसा मिळाला आणि सातारा जिल्ह्यातली खेडी पायाखाली आली. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या पाटलाच्या वाड्यात चार खोल्या रिकाम्या आहेत, सुगीत कोणाकडे किती पोती येतात, हे सगळे त्यांना माहीत झाले. पुढे संस्थेचा अर्थसंकल्प चालला तो या माहितीवर. बँकेतल्या पैशावर तो कधीच चालला नाही. नंतर साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. तिथेच राहिले असते तर सुखवस्तू कारखानदार म्हणून त्यांचे नाव राहिले असते. ते बाहेर पडले.

4 ऑक्टोबर 1919, विजयादशमीचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या साक्षीने रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. काले, नेर्ले अशा गावांत लहान बोर्डिंगे निघाली. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते साताऱ्याच्या बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. धनिणीच्या बागेतल्या या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, लिंगायत मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. 1920 च्या दशकात एकत्र जेवणे हा गावाच्या तोंडावरचा सवाल होता. मुलगा सुट्टीत घरी गेला की त्याला शिवले-न शिवल्याचा जाब द्यावा लागे.

हे बोर्डिंग चाले कशावर? सुगीच्या दिवसांत भाऊराव आणि कार्यकर्ते गावोगाव फिरत. कोणी जोंधळा दिला, कोणी डाळ, कोणी गूळ, कोणी जळण. पैशाऐवजी धान्य मागितले की खेड्यातला माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांनी ओळखले होते. वर्षभराची सोय मुष्टिफंडाची. बायकांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचे आणि ठरल्या दिवशी मुलांनी ते गोळा करून आणायचे. घरच्या माणसाला ती मूठ जाणवत नसे, बोर्डिंगात मात्र त्यावर चूल पेटे. स्वयंपाक मुले पाळीपाळीने करत. भाकऱ्या थापायला शिकलेली पोरे पुढे वकील आणि मामलेदार झाली. कपडे स्वतः धुवायचे, अंगण स्वतः झाडायचे, माळरान खणून भाजी काढायची. इमारत लागली तर दगड फोडायचे, माती वाहायची. कमवा आणि शिका ही योजना म्हणून आज कागदावर नीट मांडलेली दिसते, मुळात ती भाकरीच्या गरजेतून निघाली. आपल्या शिवाजी विद्यापीठातही पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी तिला जागा दिली. विद्यापीठाच्या आवारात काम करून शिकलेली कितीतरी माणसे कोल्हापुरात भेटतील.

आणि आता लक्ष्मीबाई. भाऊरावांवर लिहिताना लोक या ठिकाणी एक परिच्छेद खर्च करतात आणि पुढे जातात. मला तसे जमत नाही. त्या कुंभोजच्याच, संपन्न पाटील घराण्यातल्या. अंगावर भरपूर सोने घालून सासरी आलेल्या. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेली ही बाई साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना वाढू लागली, आजारी पोराच्या उशाशी बसू लागली. मुले त्यांना वहिनी म्हणत. धान्य संपले, दुकानदाराने उधारी थांबवली, की एकेक दागिना बाहेर जाई. शेवटी मंगळसूत्र उरले होते. भाऊराव फिरतीवर असताना मुलांच्या जेवणाची अडचण आली आणि तेही त्यांनी विकले, ही हकीकत रयतमध्ये आजही सांगितली जाते. 1930 मध्ये त्या गेल्या. महाराजा सयाजीराव हायस्कूल नाही, शिवाजी कॉलेज नाही, पद्मभूषण नाही, यातले काहीही त्यांनी पाहिले नाही.

सार्वजनिक काम करणाऱ्याच्या साधेपणाचे आपण कौतुक करतो तेव्हा त्याच्या घरात कोण कशाला मुकले, हे विचारायचे राहून जाते. भाऊरावांची काटकसर त्यांनी निवडलेली होती, हे वर म्हटलेच. लक्ष्मीबाईंना निवड करायला किती वाव होता? त्या काळातल्या बाईला नवऱ्याच्या मार्गाने जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. पण मंगळसूत्राचा निर्णय नवरा घरी नसताना झाला, हेही खरे. तिथे मला त्या अनुयायी वाटत नाहीत. भाऊरावांना याची जाणीव असावी. विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढी त्यांनी काढली ती लक्ष्मीबाईंच्या नावाने.

भाऊरावांचा स्वतःवरचा खर्च किती, हे त्यांच्याकडे पाहून कळे. खादीचे धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय अनवाणी, पांढरी दाढी. मुक्काम ज्याच्या घरी पडेल त्याच्या घरी, जेवण समोर येईल ते. एवढ्या कमी गरजांचा एक फायदा असा की अशा माणसाला विकत घेता येत नाही. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलावे, म्हणजे मोठी देणगी देऊ, असा प्रस्ताव एकदा त्यांच्यापुढे आला. शिवाजी महाराजांचे नाव काढायला ते तयार झाले नाहीत आणि देणगी परत गेली. संस्थेला तेव्हा पैशाची गरज नव्हती असे नाही. गरज रोजचीच होती. पण देणगीवर ज्याचे घर चालत नाही, त्याला नाही म्हणणे सोपे जाते. आपल्याकडे मदरसा असो, शाळा असो, पतसंस्था असो, पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. रमजानमध्ये पावतीपुस्तके जरा जास्तच दिसतात, म्हणून लिहिले.

त्यांच्या अंगी तापटपणा होता, शब्द जपून वापरण्याची सवय नव्हती. त्याची किंमत संस्थेने मोजली. 1948 च्या सुमारास मुंबई सरकारची मर्जी गेली आणि रयतचे अनुदान थांबले. शेकडो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. पुन्हा लोकांपुढे हात पसरले गेले, पुन्हा धान्य आले. या काळात धावून आले ते गाडगेबाबा. ज्यांच्या स्वतःच्या संसारात एक फुटके गाडगे आणि एक झाडू, त्या बाबांनी भाऊरावांसाठी सरकारदरबारी शब्द टाकला आणि अनुदान सुरू झाले. पुढे 1954 मध्ये कराडला कॉलेज निघाले, त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव कॉलेजला, आणि देणारा इंग्रजी सहावी नापास.

बाकीच्या संस्थांची जंत्री मोठी आहे. पुण्यातले युनियन बोर्डिंग 1932 चे. शिक्षक घडवण्यासाठी 1935 मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण खेड्यात शाळा काढल्या तरी तिथे जायला मास्तर तयार नसत. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, मोफत आणि निवासी. 1947 मध्ये शिवाजी कॉलेज. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला आणि म्हातारपणी त्यासाठी पुन्हा गावे तुडवली. 1955 मध्ये साताऱ्यात बी. एड. चे कॉलेज सुरू झाले, त्याला मौलाना आझादांचे नाव दिले. आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. साताऱ्याचे ते आझाद कॉलेज आजही चालू आहे. आपल्या ओळखीत तिथे शिकलेले दोनचार मास्तर तरी निघतीलच.

1959 च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी. लिट. दिली. तोवर प्रकृती ढासळली होती. 9 मे 1959 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. समाधी साताऱ्यात आहे, संस्थेच्या आवारात. कोल्हापुरातून सकाळी एसटीने निघाले तर दुपारपर्यंत पोहोचता येते. रोजा असला तरी त्रास होत नाही, आवारात झाडांची सावली भरपूर आहे.