एक टोस्ट, चार पापड आणि रुपयाचा प्रश्न

समजा, सावनेरहून तुम्ही थेट लंडनला किंवा पॅरिसला निघालात. बेकरी-पेस्ट्रीचा वर्षभराचा कोर्स. फी भरून झाली, व्हिसा आला, आईनं बॅगेत कुरडया-पापडाचा डबा आणि तिखटाची पुडी कोंबली. आता पुढचं ऐका. दिवसभर शाळेत लोण्याचे आणि मैद्याचे थर लाटायचे आणि रात्री खोलीवर आल्यावर स्वतः काय खायचं, याचा पत्ता नाही, अशी वेळ पहिल्याच आठवड्यात येते. खोलीचं भाडं, घरमालकिणीचे नियम, घरी पाठवायचे पैसे... सगळं एकदम अंगावर येतं. आपल्या घरातून असं कुणी आजवर गेलंच नाही, विचारायचं तरी कुणाला, असं वाटू लागतं.

एकाला विचारता येईल. दीक्षाभूमीवर तुम्ही कितीदा तरी गेला असाल. सावनेरहून नागपूर काही लांब नाही. तिथल्या तसबिरींत निळा सूट घातलेले, जाड चष्म्याचे, भरल्या अंगाचे बाबासाहेब आपण बघतो. त्या माणसानं परदेशात विद्यार्थी म्हणून दिवस कसे काढले, हे मात्र परीक्षेतल्या टिपेत दोन ओळींत उरकतं. कोलंबिया, लंडन, पदव्यांची यादी, संपलं. पदव्या बाजूला ठेवू. आज खोली आणि जेवण, एवढंच बघू.

१९१३ साल. वडील रामजी फेब्रुवारीत गेले होते. भीमराव २२ वर्षांचे, लग्न झालेलं, पदरी लहानगा यशवंत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. म्हणजे बॉण्ड भरूनच गेले म्हणा ना. जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले.

आठवडाभरातच तिथून हलले. कारण जेवण! अर्धंकच्चं शिजवलेलं, त्यात बहुतेक गोमांस, ते काही घशाखाली उतरेना. मग काही भारतीय विद्यार्थी राहायचे त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. बाहेरगावी गेल्यावर रूम पार्टनर कसा मिळतो यावर निम्मं शिक्षण अवलंबून असतं, असं माझं आपलं मत.

आणि आल्या आल्या ते पुस्तकात बुडाले, असंही झालं नाही बरं का. पहिले काही महिने मित्रांबरोबर फिरण्यात, खेळण्यात, मजेत गेले. मला तर हे वाचून बरंच वाटलं. पण त्या मजेमागे काय होतं ते बघा. सातारच्या शाळेत ज्या मुलाला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं, नळाला हात लावायची ज्याला सोय नव्हती, शिपायानं वरून ओतलं तरच ज्याला पाणी मिळायचं, तो आता सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होता. जात कुणी विचारत नव्हतं. तुम्ही-आम्ही ज्याला साधी मेस म्हणतो, ती त्यांच्यासाठी नवीन दुनिया होती. थोडे दिवस त्यात रमले तर बिघडलं कुठे?

मग एके रात्री विचार आला, की घरची माणसं अडचणीत आहेत, शिष्यवृत्तीला मुदत आहे, आणि आपण काय करतोय? तिथून गाडी बदलली. दिवसाला अठरा-अठरा तास अभ्यास. जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटणाची नाहीतर माशाची एक प्लेट. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे होते, त्यामुळे पोटाला चिमटा. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात मात्र हात आखडत नसे, न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ दोन हजार पुस्तकं गोळा केली. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध तिथल्या चर्चासत्रात वाचला. ऑक्टोबरमध्ये लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन्हीकडे नाव घातलं. आणि शिष्यवृत्ती संपली. बडोद्याचा निरोप आला की परत या. अभ्यास अर्धवट टाकून निघावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करायची मुभा तेवढी विद्यापीठाकडून मिळवली. महायुद्ध चालू होतं. ते स्वतः सुखरूप पोचले, पण सामान ज्या बोटीत होतं ती पाणतीराच्या माऱ्यात बुडाली, आणि पुस्तकं गेली समुद्राच्या तळाशी. त्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. काही घरी रमाबाईंना दिले, उरलेल्यांतून बडोद्याचा प्रवास केला.

आता थांबा जरा. परदेशात रुळणं अवघड, असं आपण धरून चालतो. या माणसाला न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, लंडनमध्ये मिळाली. बडोद्यात मिळाली नाही.

हिंदू खानावळीत कुणी घेणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या माणसानं ओळखलं की हे पारशी नाहीत. पण गिऱ्हाईक नव्हतंच, तेव्हा रोजचे दीड रुपये घेऊन आणि वहीत पारशी नाव लिहून त्यानं ठेवून घेतलं. वरच्या मजल्यावर एकटे. विजेचा दिवा नाही, एक मिणमिणता कंदील, मोडक्या सामानानं भरलेला हॉल आणि त्यात वटवाघळं. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम, तिथे शिपाई फायली लांबूनच टाकायचे. संध्याकाळी पुन्हा ती अंधारी खोली. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. धर्मशाळा बाटवली म्हणाले, संध्याकाळपर्यंत खाली कर. सरकारी बंगला मिळेपर्यंत आठवडाभर तरी राहू द्या म्हणून विनवलं, पण ऐकलं नाही. दोन मित्र आठवले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं. ती मूळची कर्मठ ब्राह्मण घरातली, तेव्हा उत्तर काय येणार ते यांना कळलं. मग कामाठी बागेत जाऊन बसले. रात्री नऊच्या गाडीपर्यंत, तासन् तास. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस, वय २६, बाकावर. ज्या संस्थानानं पैसे देऊन सातासमुद्रापार शिकायला पाठवलं, त्याच्याच राजधानीत पथारी टाकायला जागा नाही.

मुंबईत आले ते तिथेच राहिले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५०. तेव्हाच्या मानानं चांगलाच. पण राहणं परळच्या चाळीतच ठेवलं आणि जमेल तेवढं साठवलं, कारण लंडनची ती चार वर्षांची मुभा संपत आली होती. शिल्लक पुरेना. मग कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. आणि पाच हजारांचं कर्ज दिलं ते नवल भाथेनांनी. तेच, लिव्हिंग्स्टन हॉलमधले. बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशी आणि हेही पारशी. बाबासाहेबांच्या आयुष्यात असे जोड बरेच सापडतात.

१९२० च्या जुलैत पुन्हा लंडन. या वेळी शिष्यवृत्ती नाही, सगळं खिशातलं. घरमालकीण कडक आणि हात आखडता. सकाळी एक टोस्ट, त्यावर जॅमचा पातळ हात, माशाचा तुकडा, कपभर चहा. एवढ्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं, दार उघडताच आत. दुपारच्या जेवणाला काट. बसचे पैसे वाचवायला पायी चालायचं. संध्याकाळी कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पाणी, आणि लोणी-बिस्किटं. मग रात्रीचा अभ्यास. दहाच्या सुमारास भूक अशी लागायची की अक्षर दिसेना. एका ओळखीच्या गुजराती गृहस्थानं पापडांचा गठ्ठा दिला होता. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, कपभर दुधाबरोबर खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं, पहाटेपर्यंत. खोलीतला सोबती झोपा म्हणायचा. यांचं म्हणणं, जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही. तेव्हा तुमच्या बॅगेतला तो पापडाचा डबा काढून ठेवू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही उपासमार काही मिरवण्यासारखी नाही. तिची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही. तिकडे परळला रमाबाई शेण वेचून गोवऱ्या थापून संसार ओढत होत्या. लंडनच्या पत्रांतून पैशाचीच ओढाताण यायची. मुलगा परदेशात शिकतो तेव्हा घरातलं कुणीतरी इकडे कमी जेवत असतं. तुमच्या घरी कोण, ते तुम्हाला माहीत असेल.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी प्रबंध दिला, रुपयाच्या प्रश्नावरचा. खिशात रुपया नसलेल्या माणसानं रुपयावर लिहिला! ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणाची त्यात चिरफाड होती. परीक्षकांनी तो परत केला, फेरलेखन करा म्हणून सांगितलं. तोवर पैसे पार संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबई गाठली, दुरुस्त्या इथे बसून केल्या, प्रबंध पुन्हा धाडला, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस पदवी मिळाली.

लंडनमध्ये १९२१-२२ ला ते जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. तिथे आता स्मारक आहे, बाहेर निळी पाटी आहे. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म नावाचं स्टेशन लागतं, तिथे उतरून थोडं चालायचं. कोर्सला गेलात तर रविवारी जाऊन या.